'किसी का कोई पॉइंट?' : लष्करातले संगणक, सुरक्षा आणि आपले वाद

तीव्र_चौकस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी लष्कराच्या सिग्नल्समधला, म्हणजे दळणवळणाच्या कोअरमधला. गोव्याला दोन नंबरच्या ट्रेनिंग सेंटरला घडलो, चोवीस वर्षं नोकरी केली, सुभेदार होऊन घरी आलो. गाव सातारा जिल्ह्यात. 'तीव्र चौकस' हे आमच्या कोअरचं ब्रीद, तेच नाव इथे घेतलंय. कुठल्या युनिटला होतो, हाताखाली कुठली मशीन होती, हे लिहिणार नाही आणि कृपया विचारू नका. खाली घटना म्हणून जे लिहितो ते सगळं जगासमोर उघड झालेलं आहे. माझं स्वतःचं जे आहे ते माणसांबद्दलचं आहे.

२५ फेब्रुवारी १९९१ ची रात्र. सौदी अरेबियातलं दहरान. इराकने सोडलेलं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. बराक कसली, गोदामच होतं, तात्पुरती राहायची सोय केलेली. २८ जण गेले. त्यांच्या रक्षणाला पॅट्रियटची, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेची, बॅटरी (तुकडी) तैनात होती आणि ती चालू होती. पण स्कड येत असताना तिच्यातून एकही क्षेपणास्त्र सुटलं नाही.

हे का झालं, ते महूला सिग्नल्सच्या कॉलेजात कोर्सवर असताना एका साहेबांनी आम्हाला फळ्यावर गणित करून दाखवलं. पॅट्रियटचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागात. आता एक दशांश ही संख्या शून्य-एकच्या भाषेत नेमकी बसत नाही. आपण एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ लिहीतच राहतो, तसंच. कुठेतरी तोडावं लागतं. तिथे २४ बिटांवर, म्हणजे शून्य-एकच्या २४ घरांवर, तोडलं होतं. त्यामुळे दर ठोक्याला चूक किती, तर सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग. पण त्या रात्री ती यंत्रणा सलग १०० तास चालू होती. म्हणजे ३६ लाख ठोके. सगळं मिळून घड्याळ ०.३४ सेकंदाने चुकलं. स्कड एका सेकंदात दीड किलोमीटरच्या वर जातं. रडारने पुढच्या क्षणी ते जिथे शोधलं, तिथून ते अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त लांब होतं. तिथे काही दिसलं नाही, म्हणून यंत्रणेने समजून घेतलं की काही नाहीच.

एवढं ऐकून वर्गातले आम्ही सगळे गप्प. पण माझ्या मनात कायमचं रुतून बसलं ते पुढचं. इस्रायलकडेही पॅट्रियट होती. त्यांनी ११ फेब्रुवारीलाच कळवलं होतं की आठ तास सलग चालवलं तर नेम वीस टक्क्यांनी सरकतो. १६ तारखेला दुरुस्त सॉफ्टवेअर निघालं. २१ ला सगळ्या तुकड्यांना संदेश गेला की यंत्रणा 'फार वेळ' चालू ठेवली तर फरक पडू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास, ते संदेशात नव्हतं. दुरुस्ती दहरानला पोचली २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा. आणि तोवरचा उपाय काय होता? मशीन बंद करून परत चालू करायचं. काम एक-दीड मिनिटाचं.

ड्युटीवरच्या जवानाला 'फार वेळ' म्हणजे काय कळणार? मी बिनतारी सेटवर ३६-३६ तास काढलेला माणूस आहे. लढाई चालू असताना शंभर तास मला फार वाटले नसते. उलट चालती मशीन बंद करायचा विचारसुद्धा पाप वाटला असता.

सॉफ्टवेअर सुरक्षेवर लोक बोलतात तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यासमोर अंधाऱ्या खोलीत बसलेला शत्रू असतो. तो असतोच, नाही म्हणत नाही. पण माझ्या नोकरीत मला ज्याची जास्त भीती वाटली ती गोष्ट वेगळी आहे. दरबार माहीत असेल तुम्हाला. सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, सगळ्या जवानांसमोर बोलतात आणि शेवटी विचारतात, "किसी का कोई पॉइंट?" त्यानंतर जी शांतता पसरते ना, तिची मला भीती वाटते. चारशे माणसं बसलेली असतात. त्यातल्या कुणाला तरी माहीत असतं की अमुक मशीनचं घड्याळ मागे पडतंय, अमुक संगणकाचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलाय. आणि कुणीही हात वर करत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक नवीन पोरगा रात्रपाळीला होता. मोबाईलची बॅटरी उतरली म्हणून त्याने तो चार्जिंगला ऑफिसच्या संगणकाला लावला. बाहेरून बघणाऱ्याला यात काय एवढं वाटेल. पण संगणकाला जोडलेला मोबाईल म्हणजे पेन ड्राइव्हच. २००८ साली अमेरिकेच्या लष्करी जाळ्यात एजंट डॉट बीटीझेड नावाचा किडा शिरला, तो मध्यपूर्वेतल्या तळावर कुणीतरी लावलेल्या एका पेन ड्राइव्हमधून. साफ करायला त्यांना चौदा महिने लागले. पेन ड्राइव्हवर बंदी आली, आणि पुढे २०१० मध्ये त्यांची वेगळी सायबर कमांड उभी राहिली, तिच्यामागे ही घटना होती. आमच्या पोराला हे सगळं शिकवलेलं होतं, तरी पहाटेच्या झोपेत हात गेला. दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं. तो पहाटे चार वाजता माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. थरथरत होता. मला राग आला नाही असं नाही, पण तोंडून पहिलं वाक्य गेलं, "बरं केलंस सांगितलंस." मशीन लगेच जाळ्यातून काढलं, तपासायला पाठवलं, वर कळवलं. त्याला शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. पण साहेबांनी संध्याकाळच्या रोल कॉलला सगळ्यांसमोर सांगितलं की चूक याची, आणि सांगायला आला तोही हाच.

दुसऱ्या एका ठिकाणी मी याच्या उलट पाहिलं. तिथे सांगणाऱ्यालाच असं धरलं की सगळ्यांनी धडा घेतला. मी होतो तोवर तिथून परत एकाही चुकीची खबर वर गेली नाही. चुका थांबल्या नव्हत्या. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आता वादाचं. 'लष्कराचं सॉफ्टवेअर गुप्त ठेवलं की ते सुरक्षित' असं मानणारी पुष्कळ मंडळी भेटतात, त्यात माझे जुने सोबतीही आहेत. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने फ्रान्सच्या लष्करी शास्त्राच्या मासिकात लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना एक अट घातली होती: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. सायफरचं, म्हणजे गुप्तलेखनाचं, काम केलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. लढाईत सेट हातातून जातोच कधीतरी. किल्ली रोज बदलता येते. कुलपाचा कारखाना रोज बदलता येत नाही.

आणि शेवटचं. २०२१ मध्ये रणगाड्यांच्या एका ऑनलाइन खेळाच्या चर्चेत ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्याच्या तांत्रिक पुस्तिकेतली पानं कुणीतरी टाकली. टाकणाऱ्याने स्वतःला रणगाडा कमांडर म्हणवलं होतं. कारण काय? खेळातला रणगाडा खऱ्यासारखा दाखवलेला नाही, हे सिद्ध करायचं होतं. त्याच वर्षी फ्रान्सच्या लक्लर्क रणगाड्याबद्दल तसंच झालं, पुढच्या वर्षी चिनी तोफगोळ्याबद्दल. पैसा नाही, धमकी नाही, कुणी बाई मधे नाही. वाद जिंकायचा होता, एवढंच. जो माणूस दरबारात गप्प बसतो, तोच परक्या माणसासमोर 'मला माहीत आहे' हे दाखवल्याशिवाय राहू शकत नाही. याच्यावर तुम्हाला काय वाटतं ते वाचायचं आहे.

---

गडवाट

सुभेदार साहेब, सलाम. वाचताना हिरकणी आठवली. कोजागिरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. त्यातलं शेवटचं मला आज नव्याने कळलं. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, साडीचोळी दिली आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. गडाला फट आहे हे तिच्यामुळे कळलं. तिला कोठडीत टाकलं असतं तर पुढच्या वेळी तिथून उतरणाऱ्याने कुणाला सांगितलं असतं का?

---

शून्य_एक

लेख फार आवडला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, एम्बेडेडवर, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांवर, काम करतो, म्हणून पॅट्रियटबद्दल एक भर घालतो, कारण हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

नुसतं 'एक दशांश तोडला' एवढ्याने ही चूक इतकी जीवघेणी झाली नसती. रडार दोन वेळांमधला फरक काढत होतं. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या तर वजाबाकीत चूक जवळजवळ निघून गेली असती. मूळ यंत्रणा विमानांसाठी होती. पुढे वेगवान क्षेपणास्त्रांसाठी वेळेचं रूपांतर जास्त अचूक करणारा नवा कोड घातला, पण तो सगळीकडे घातला गेला नाही. एका जागी नवा, दुसऱ्या जागी जुना. मग एक वेळ बरोबर, एक चुकीची, आणि वजाबाकीत संपूर्ण चूक शिल्लक. म्हणजे अर्धवट केलेल्या दुरुस्तीने घात केला. माझ्या टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

दुसरं, खुल्या, म्हणजे कुणालाही वाचता येणाऱ्या, कोडबद्दल. तुमच्या केर्कहॉफ्सशी शंभर टक्के सहमत. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतः एसईलिनक्स (लिनक्स या खुल्या प्रणालीचं सुरक्षाकवच) २००० साली खुलं केलं, आज ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजच्या जागी 'माया' ही प्रणाली आणायचं ठरवलं, तीही उबुंटू या खुल्या लिनक्सवर उभी आहे. पण खुलं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं कुणी समजू नये. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण पाहा. जगभरच्या लिनक्समध्ये असलेली ही छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) एकटा, थकलेला माणूस फुकट सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. आणि त्याच काळात दुसऱ्या नावांनी काही जण त्या बिचाऱ्याच्या मागे लागले होते: काम हळू चाललंय, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. शेवटी त्याने चाव्या दिल्या, आणि चोरदरवाजा बसला.

पकडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी चहा प्यायला असता. तो खोदत बसला, म्हणून जग वाचलं.

---

तीव्र_चौकस

शून्य_एक, भर घातल्याबद्दल मनापासून आभार. एका जागी नवा आणि एका जागी जुना कोड, हे मला माहीत नव्हतं. महूच्या त्या साहेबांना आज कळवतो.

एक्सझेडबद्दल वाचलं होतं, पण त्या माणसाच्या मागे लावलेली खोटी नावं हा भाग तुम्ही सांगितलात तेव्हा अंगावर काटा आला. आम्ही शिकलो होतो की संत्र्याला, म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला, मारायची गरज नसते, थकवलं तरी पुरतं. दोन तासांनी पहारा बदलतात तो याचसाठी. आणि इथे सगळ्या जगाच्या दरवाजावर एकच माणूस वर्षानुवर्षं उभा, बदली नाही. त्याच्याशी तावातावाने भांडणारे सगळे शत्रू नसतील, पण शत्रूला त्यांच्या गर्दीत मिसळता आलं.

---

रानजाई

काका, मी काही संगणकातली नाही. माझे मिस्टर सध्या नोकरीत आहेत, पोस्टिंग कुठे ते लिहीत नाही. २०२० च्या जुलैमध्ये ८९ ॲप काढायचा हुकूम आला, फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर सगळं गेलं. तेव्हा मला फार राग आला होता. मुलगी लहान, तिचे फोटो ते फेसबुकवरच बघायचे. आमच्यावर विश्वास नाही का, असं वाटलं. आज तुमचं वाचून थोडं समजलं, पण खरं सांगते, कुणी आम्हा घरच्यांना तेव्हा समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नुसता हुकूम आला की माणूस वाट शोधतो. आमच्या क्वार्टर लाइनमध्येही काही जणींनी दुसऱ्या नावाने खाती चालू ठेवली होती.

---

तीव्र_चौकस

ताई, तुमचा राग बरोबर होता. मीही कित्येक वेळा खाली हुकूम दिला आणि कारण दिलं नाही, वेळ नसायचा. ती माझी चूकच.

आता उशिरा का होईना, कारण सांगतो. धावण्याचा हिशोब ठेवणारं स्ट्राव्हा नावाचं ॲप आहे. त्यांनी जगभरच्या लोकांच्या धावण्याच्या वाटा एका नकाशावर उजळवून प्रसिद्ध केल्या. जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या काळ्याकुट्ट नकाशावर मधेच प्रकाशाची छोटी चौकोनी कडी दिसतायत. सैनिक सकाळी तळाच्या कुंपणाच्या आतून धावायचे, तेच ते. एकेकट्याने काहीच फोडलेलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त आपला व्यायाम नोंदवला होता. घरच्यांच्या फोटोंचंही तसंच. एक फोटो काही सांगत नाही. चाळीस घरांचे फोटो, कोण कधी सुट्टीवर आलं, कुणाची सुट्टी एकदम रद्द झाली, हे जोडलं की युनिट हललं हे कळतं.

दुसऱ्या नावाने खातं चालवणाऱ्या मैत्रिणींना शक्य असेल तर तुम्हीच समजावून सांगा. तुमचं ऐकतील.

---

खडा_सवाल

साहेब, आदर ठेवून असहमत. तुमचं सगळं म्हणणं 'चूक वर सांगा, बाहेर नको' इथे येऊन थांबतं. वर सांगितलं आणि वरच्यांनी दाबलं तर? तुम्हीच दुसऱ्या ठिकाणचा अनुभव लिहिलात. सिव्हिलमध्ये आम्ही एका मोठ्या संस्थेला त्यांच्या संकेतस्थळातली फट कळवली होती, लोकांची कागदपत्रं उघडी पडत होती. आभार राहिले बाजूला, वकिलाची नोटीस आली. फट पाच महिने तशीच होती. अशा वेळी जाहीर करणं हाच एक रस्ता उरतो. सुरक्षा क्षेत्रात नव्वद दिवसांची मुदत देऊन मग जाहीर करायची पद्धत पडली, ती याच कारणाने. मुदतीची धार नसेल तर कुणी हलत नाही.

---

तीव्र_चौकस

तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला, म्हणून उत्तराला उशीर झाला.

सिव्हिलच्या बाबतीत तुमचं पटलं. मुदत देऊन जाहीर करणं बरोबर आहे, कारण ज्यांची कागदपत्रं उघडी पडली त्यांना कळायचा हक्क आहे. वकिलाची नोटीस पाठवणाऱ्यांनी तुमच्यासारख्या दहा जणांची तोंडं बंद केली असतील, आणि त्यांची फट शोधणारा अकरावा माणूस त्यांना पत्र लिहिणार नाही.

वर्दीत असताना मात्र मी तसं करणार नाही. यंत्रणेची फट मी जाहीर केली तर वरचा साहेब हलायच्या आधी समोरचा हलेल, आणि मधल्या दिवसांत त्या मशीनपाशी बसलेला पोरगा मरेल. २०२३ मध्ये अमेरिकेत एअर नॅशनल गार्डच्या (राखीव हवाई दलाच्या) जॅक टेशेरा या एकवीस वर्षांच्या पोराने ऑनलाइन मित्रांच्या गटात गुप्त कागद टाकले. मित्रांसमोर जाणकार म्हणून मिरवायचं होतं. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तो चूक दाखवत नव्हता हे मला मान्य आहे, तुमची आणि त्याची बरोबरी करत नाही. त्याच्या वरिष्ठांनी त्याला नको ते वाचताना आधी हटकलं होतं, नोंदसुद्धा केली होती. ती नोंद पुढे जायला हवी होती तिथे गेली नाही. म्हणून मी परत परत त्याच जागी येतो. वर सांगायची वाट बुजलेली असेल तर ती मोकळी करणं हे संरक्षणाचंच काम आहे, तोफेइतकं. वरच्याने दाबलं तर त्याच्या वरच्याकडे जायचा रस्ता नियमात आहे. तो वापरणाऱ्याची पुढची बढती अडते हेही मला माहीत आहे. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही.

---

पिट्सबर्गकर

पहिल्यांदाच लिहितोय. मी गेली अठरा वर्षं इथे आहे. दहरानला जे गेले त्यातले १३ जण आमच्याच बाजूच्या ग्रीन्सबर्गच्या राखीव तुकडीचे होते, १४ वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट. त्यांचं काम लढायचं नव्हतं, पाणी शुद्ध करून द्यायचं. ६९ जण गेले होते, पोचून जेमतेम सहा दिवस झाले होते. १३ गेले, ४३ जखमी. आठवड्याच्या आत तुकडीतले पाचात चार पडले. गावात त्यांचं स्मारक आहे. मी त्याच्यासमोरून कित्येकदा गेलोय. घड्याळाची गोष्ट आज तुमच्या लेखात पहिल्यांदा वाचली. येत्या रविवारी मुलाला घेऊन जाईन. तो कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

---

तीव्र_चौकस

पिट्सबर्गकर, जरूर जा. पाणी देणारी माणसं होती हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या वतीने तिथे एक सॅल्यूट करा.

---

शून्य_एक

साहेब, एक विचारू? गुप्त असेल तर सोडून द्या. तुमच्याकडे सेटवरची घड्याळं जुळवायची काही पद्धत होती का? कुणाच्या डोक्यात यायची वाट न बघता, ठरलेली?

---

तीव्र_चौकस

यात गुप्त काही नाही, बिनतारीवर काम केलेला जगातला कुठलाही सैनिक हेच सांगेल. कंट्रोल स्टेशन टाइम चेक देतं, सगळे आपापली घड्याळं त्या ठोक्याला लावतात. आमच्या डिटॅचमेंटमध्ये त्यावर आणखी एक होतं. पाळी बदलताना लॉगमध्ये पहिली ओळ घड्याळाची लिहायची, किती सेकंद पुढे किंवा मागे सापडलं त्या आकड्यासकट. 'बरोबर आहे' असं लिहिलेलं चालायचं नाही, शून्य असेल तर शून्य लिहायचं. खाली दोन सह्या, जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची.